चढताना खाली, उतरताना वर

यातलं किती मला खरंच आठवतंय आणि किती मी सांगता सांगता बसवलंय, याची खात्री देता येणार नाही. काल सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवेना म्हणून दुसरी घेतली नाही, आणि मग पहिलीही राहिली असेल या काळजीने दिवसभर मनगट धरून बसलो. अशा माणसाने दुष्काळातल्या गोष्टी सांगाव्यात का, हा प्रश्न रास्त आहे. पण किस्से आठवावे लागत नाहीत, ते साचतात. जुन्या गाडीच्या मागे धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानीसारखे. पाट्याखाली पाटा, वरचा सगळ्यात लांब, आणि एखादा मोडला तरी बाकीचे ओझं वाहतात. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतं, तो ठोकळ्याचा सांगा ना, आणि मी सुरू होतो. घरी आल्यावर मात्र वाटत राहतं, ते अगदी तसंच झालं होतं का?

* * *

आम्ही तिघे बीडच्या एका कॉलेजात शिकवायचो. मी भौतिकशास्त्र, बनसोडे अर्थशास्त्र, जगताप राज्यशास्त्र. तिघेही पीएच.डी., पण 'डॉक्टर' मलाच म्हणायचे, बहुधा चेहरा सतत काळजीत असल्यामुळे. माझा प्रबंध कंपनांवर होता. त्यामुळे पुढे जे झालं ते मला जास्तच लागलं.

पाली रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत सहकारी नव्हतं असं काही उरलं नव्हतं. घरं सहकारी, दूध सहकारी, पिठाची गिरणीसुद्धा सहकारी. जगताप म्हणायचा, या जिल्ह्यात दोन माणसं एका झाडाखाली उभी राहिली की तिसरा रजिस्ट्रेशनला धावतो. तेव्हा आम्ही तिघांनी मिळून गाडी घेतली, तीही सहकारी तत्त्वावर. जगताप चेअरमन, बनसोडे सेक्रेटरी आणि मी सभासद. मला पदाचं दडपण येतं.

गाडी म्हणजे एका संस्थेने निकालात काढलेली पांढरी अँबॅसिडर. त्या संस्थेचे चेअरमन तिच्यात वर्षानुवर्षं मागे डाव्या बाजूला बसत. देहाने भरभक्कम गृहस्थ. त्यांच्यामुळे ती बाजू कायमची दबली होती. रिकामी गाडी उभी केली तरी मागे कुणीतरी बसलंय असं वाटायचं. रस्त्यावरचे लोक त्या रिकाम्या सीटला नमस्कार करायचे.

एकदा बाजारात एका आजोबांनी खिडकीतून आत अर्ज टाकला. मी गाडी थांबवून त्यांना समजावलं की चेअरमनसाहेब यात नाहीत, ही आता आमची गाडी आहे. आजोबांनी वाकून दबलेली बाजू पाहिली, मग मला पाहिलं.

"न्हाईत, तर मंग वजन कुनाचं हाय?"

* * *

बनसोडेच्या आईला आम्ही सगळे माय म्हणायचो. त्या वर्षी पाऊस झाला नाही, धरणाच्या तळाला भेगा पडल्या, आणि हापशीच्या रांगेत कळशी उचलताना माय पडल्या. खुब्याचं हाड जुळलं. काठी टेकत चालू लागल्या, पण एक पाय काही केल्या वर उचलला जाईना.

मायची धाकटी बहीण सोनाबाई शिरूर कासारकडच्या एका वस्तीवर राहायची. दरसाल तिची टोळी ऊस तोडायला जायची ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत. जायच्या आधी दोघी बहिणी एक दिवस भेटायच्या. लग्नं झाल्यापासून ही भेट चुकली नव्हती. या वर्षी शिवारात कामच नसल्याने टोळ्या लवकर निघणार अशी बातमी होती. ट्रक कधी येऊन उभा राहील याचा नेम नाही, म्हणून सोनाबाईला वस्ती सोडता येत नव्हती. म्हणजे जायचं ते मायलाच.

एस.टी.च्या पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. राहिली आमची गाडी. आम्ही मोठ्या उत्साहाने दार उघडून धरलं. माय आल्या, सगळा जीव एकवटून पाय उचलला. तो दाराच्या पट्टीला लागला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. अगदी थोडक्यात हुकत होतं. बनसोडेच्या बायकोने आतून पाट आणून ठेवला.

"पाटावर पाय द्यायला मी काय नवरी हाय?" माय म्हणाल्या.

मग बनसोडे आणि जगताप दोन्ही बाजूंनी हात घालायला पुढे झाले. माय मागे सरकल्या आणि त्यांनी काठी आडवी धरली.

"मला कुनी उचलायचं न्हाई. उचलायचं तवा चौघं उचलतीलच की. तुमी तर तिघंच हाव."

माय स्वतःच्या पायाने गाडीत बसणार, नाहीतर बहिणीची भेट चुकणार. पाय वर येत नाही म्हटल्यावर गाडीलाच खाली यावं लागणार होतं. जाता जाता त्यांनी मला विचारलं, मी डॉक्टर आहे ना? मी घाबरून सांगितलं, आहे, पण कंपनांचा.

"मंग तुमी गाडीला बगा. मला लई डाक्टरांनी बगितलंय."

* * *

सर्वसाधारण सभा जगतापच्या ओट्यावर भरली. कोरम तिघांचा, त्यामुळे कुणी पाणी प्यायला उठलं की कामकाज तहकूब.

जगतापचा गाडी खाली आणायला कडाडून विरोध होता. त्याची शेती धारूरला. घाटात दगड असे वर आलेले की गाडीचं पोट आत्ताच घासत होतं. त्याला गाडी उलट वर हवी होती. सगळा जिल्हा गाड्या उंच करून घेतोय आणि आपण खाली आणायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं, असं त्याने मला विचारलं. बनसोडे म्हणाला, शास्त्र राहू दे, माझी आई बसत नाही. एक मत वर, एक मत खाली. दोघेही माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. दोघेही हसले, कारण स्टाफरूममध्ये चहा घेणार का विचारलं तरी मी हेच म्हणायचो.

घरी जाऊन मी आलेख काढला. एका अक्षावर गाडीची उंची, दुसऱ्यावर सभासदाचं समाधान. जगतापची रेघ चढत गेली, बनसोडेची उतरत गेली, आणि दोन्ही जिथे छेदल्या तिथे गाडीची उंची आली ती आज होती तेवढीच. निष्कर्ष असा की काहीच करू नये. तो सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून मी सुचवलं की उंची कमी-जास्त करता येईल अशीच व्यवस्था करावी. मोठ्या शहरांत शौकीन लोक जुन्या गाड्यांना असं करून घेतात म्हणे.

जगताप खूश झाला. त्याने तिथल्या तिथे ठराव मांडला: एक आठवडा गाडी वर, तो त्याचा, एक आठवडा खाली, तो बनसोडेचा.

"आणि डॉक्टर, तुझ्या आठवड्यात?"

"विचार करून सांगतो."

* * *

हमीद मिस्त्रीचं गॅरेज जालना रस्त्याला होतं. सगळी हयात ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांच्याखाली गेलेली. ओझं वाढलं की लोक यायचे आणि हा कमानीत पाटे वाढवून द्यायचा. गाडी खाली आणायची आहे, हे त्याला आम्ही तिघांनी आळीपाळीने सांगितलं तरी पटेना.

"सर, गाडी खाली तर रस्ताच आनतो. त्याला मिस्त्री कशाला?"

मग मायचं सांगितलं. तेव्हा तो हातातला पाना ठेवून गंभीर झाला आणि आम्हाला गाडीखाली घेऊन गेला. तिथे आडवं पडून आम्ही पर्याय निवडू लागलो. मागे खाली आणायची तर कमानीतला एखादा पाटा कमी करायचा, आणि वर न्यायची तर, हमीदच्या म्हणण्याप्रमाणे, कमान आणि चाकांना जोडणारा एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. पुढे कमान नाहीच. तिथे पीळ खाऊन काम करणारी लांब सळई, आणि सळईच्या टोकाला भोकांची पट्टी. बोल्ट या भोकातून काढून त्या भोकात घातला की गाडीचं नाक वर किंवा खाली.

मागे पाटा कमी करायला बनसोडे भीत होता, कारण मोडला तर आईखालीच मोडणार. ठोकळ्याबद्दल जगताप पुन्हा पुन्हा विचारत होता. का, ते त्याने सांगितलं नाही. आधी पुढचं तरी करू म्हणून मी तीन संध्याकाळी बसून त्या सळईच्या पिळाचं गणित केलं. दोनदा तपासलं. शंका आली म्हणून तिसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने केलं. उत्तर तेच. कागद घेऊन गॅरेजवर गेलो आणि बोल्ट नेमका कुठे यायला हवा ते पट्टीवर खडूने दाखवलं. खूण दोन भोकांच्या बरोबर मधोमध आली.

हमीदने खुणेकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, तिथं लोखंड हाय."

* * *

एका सकाळी जगताप म्हणाला, गाडी धुऊन आणतो. प्यायला पाणी नाही आणि हा गाडी धुणार! आम्हाला तिथेच संशय यायला हवा होता.

तो गेला थेट हमीदकडे. गुपचूप सांगितलं, मागे दोन्हीकडे चांगले जाड ठोकळे घाल आणि गाडी वर कर. एकदा वर झाली की कोण खाली आणतंय? हमीदला हे आवडलं. त्याने ट्रकला असे ठोकळे शेकड्याने घातले होते. ट्रकमध्ये एक्सल कमानीच्या खाली असतो. मध्ये ठोकळा घातला की ट्रक वर. आमच्या गाडीत एक्सल कमानीच्या वर बसलेला. मध्ये ठोकळा घातला की काय होईल, हा विचार त्या वेळी गाडीजवळ असलेल्या दोघांपैकी कुणी केला नाही. मी तिथे असतो तर मीही केला असता असं छातीठोकपणे सांगवत नाही.

बोल्ट आवळले. जॅक सोडला. गाडी खाली येऊ लागली. जुनी उंची आली, ती ओलांडली, तरी ती आपली खाली येतेच आहे. जगताप ओरडला.

"थांबा साहेब," हमीद म्हणाला, "टेकली की वर येईल."

हे सगळं मला हमीदनेच नंतर सांगितलं. आम्ही पाहिलं ते एवढंच की जगताप प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत, बैलगाडीच्या वेगाने कॉलनीत शिरतोय, आणि गाडी मागून छान खाली बसली आहे. फाटकात उभ्या बनसोडेच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याने विरोध केला त्यानेच आपल्या आईसाठी गुपचूप काम करून आणलं! त्याने जगतापला मिठी मारली. जगतापचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग त्यावर हळूहळू चेअरमन परत आले.

"मोठेपणा नको," तो म्हणाला. "कर्तव्य होतं."

संध्याकाळच्या सभेत त्याच्या अभिनंदनाचा ठराव झाला. अनुमोदन त्याने स्वतःच दिलं.

* * *

दुष्काळात बूड टेकलेल्या गाडीचा आमच्याकडे एकच अर्थ होता: डिकीत पाणी आहे. ज्यांच्याकडे गाडी होती ते जिथे मिळेल तिथून पिंप भरून आणायचे. जाताना गाडीचं बूड वर, येताना खाली. शेंबडी पोरंसुद्धा लांबून सांगायची, ती भरलेली, ती रिकामी.

आमची गाडी जातानाही खाली आणि येतानाही खाली.

एक दिवस कॉलनीतल्या बायकांनी गाडी अडवली. कळश्या, बादल्या, एकीच्या हातात नुसता तांब्या. टँकरचा पत्ता नाही आणि प्राध्यापक लोक पाणी घेऊन गावभर हिंडतात, हे काय? जगतापने जाहीरपणे डिकी उघडली. आत स्टेपनी, जॅक आणि एक पोतं. एकीने आत हात फिरवून कोरडं असल्याचा निर्वाळा दिला. दुसरी म्हणाली, आत्ताच उतरवलं असेल. त्यावर तिसरीने असा मुद्दा काढला की माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी काढला नसेल.

"उतरवलं, तर मंग गाडी वर कावून येईना?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी सगळं समजावून सांगितलं. कमान, एक्सल, ठोकळा, ट्रकमध्ये काय होतं, आपल्यात काय होतं. धुळीत काठीने आकृती काढली. सगळ्यांनी अतिशय शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात मला असं कधी लाभलं नव्हतं. शेवटी तांब्यावाल्या बाई म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं, सर. पानी कुठं ठिवलंय तेवढं सांगा."

* * *

आणि मग मायची चाचणी. माय आल्या, पाय उचलला, तो पट्टीला न लागता आत गेला. मागोमाग माय आत. कुणाचा हात नाही, पाट नाही. बनसोडे वळून रस्त्याकडे बघत उभा राहिला. जगतापने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, जरा उशिरा. गावातून एक चक्कर मारली, परत दारात आलो, दार उघडलं.

माय बाहेर येईनात.

सीट खाली, गुडघे वर. रेटा द्यायला जागाच नाही. जेवढी गाडी खाली, तेवढं आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड, हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तीन पीएच.डी. दारात उभे राहून एकमेकांकडे बघू लागले. मायला मात्र काही घाई नव्हती. म्हणाल्या, असू द्या, हितं वारं बरं हाय. त्यांनी आत बसून चहा घेतला. मग सून सूप घेऊन आली तेव्हा डाळ निवडली. शेजारणी खिडकीशी येऊन बोलून गेल्या. एक बाई तर मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि सासूची गाऱ्हाणी सांगून, हलकी होऊन गेली.

उन्हं कलली तशी हमीदला बोलावलं. त्याने जॅक लावून ती बाजू उचलली. माय खिडकीत हळूहळू वर आल्या आणि पुरेशा वर आल्यावर स्वतःच्या पायाने उतरल्या. मी आनंदाने म्हणालो, नियम सापडला! चढताना खाली, उतरताना वर.

माय जॅककडे बघत होत्या.

"ह्येबी उचलनंच झालं," त्या म्हणाल्या. "गाडीसकट उचललं, एवढंच. पुन्ना न्हाई."

तेव्हा अर्थशास्त्र बोललं. बनसोडे म्हणाला, लोक म्हणतातच आहेत ना डिकीत पाणी आहे? मग ठेवूच पाणी. ठोकळे काढून टाकायचे, गाडी आपोआप वर. दोन पिंपं भरून डिकीत ठेवायची, गाडी खाली. माय बसतील. सोनाबाईच्या वस्तीवर पिंपं रिकामी करायची, तिथल्या लोकांना पाणी मिळेल आणि गाडी वर. माय उतरतील. कुणी कुणाला उचलायचं नाही.

मी वजनाचं गणित करायला बसलो, तोवर पुढची सभा संपलीसुद्धा. जगतापचा उत्साह सर्वांत जास्त, कारण पाणी काढलं की गाडी धारूरच्या घाटाला निदान पूर्वीइतकी तरी उंच. पाणीही त्यानेच आपल्या विहिरीच्या तळातून आणून दिलं. पुणे-मुंबईकडे काय असेल ते असो, बीड जिल्ह्यात कमी-जास्त होणारी गाडी आम्ही केली. पान्याने नाही, पाण्याने.

* * *

निरोप आला की टोळीचा ट्रक आजच भरतोय. आम्ही पिंपं चढवली, माय मागे चढल्या, पुढच्या सीटवर आम्ही तिघे दाटीवाटीने. कोरम पूर्ण होता.

शिरूरच्या अलीकडे एका फाट्यावर हंड्यांची रांग रस्ताभर आडवी लागलेली. टँकर आला नव्हता. लोकांनी आमच्या गाडीचं बूड पाहिलं आणि रस्ता सोडला नाही. जगताप खाली उतरून आम्ही कोण, कुठले, हे सांगू लागला. कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांचे डोळे डिकीवर. मायने काच खाली केली.

"पानी हाय. आन् म्हातारी हाय. म्हातारी तेवढी र्‍हाऊ द्या, बाकीचं घ्या."

बनसोडे हळूच म्हणाला, माय, ते मावशीच्या वस्तीसाठी नेतोय.

"सोनी तर आज चाललीच गाव सोडून," माय म्हणाल्या. "ह्यांना उद्याबी हितंच र्‍हायचंय."

पिंपं रिकामी व्हायला वेळ लागला नाही. मी बाहेर उभा राहून बघत होतो. एकेक हंडा भरत होता आणि माय खिडकीत केसाकेसाने वर येत होत्या. माझ्या सगळ्या आयुष्यात प्रयोग असा आलेखाबरहुकूम दुसरा झालेला नाही. तो माझ्या आलेखाबरहुकूम होता असं नाही, पण कुणाच्या तरी होता.

वस्तीवर पोहोचलो तर ट्रक उभा. बाजा, ताडपत्र्या, भांडी, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं वर रचत होते. गाडी उंच होती. बनसोडेने दार उघडलं. मायने काठी बाहेर टेकली, मग एक पाय, मग दुसरा. उभ्या राहिल्या. सोनाबाई पळत आली. मला वाटलं आता दोघी रडणार.

"लई येळ लावलास," सोनाबाई म्हणाली.

"ह्ये तिघं गाडी खाली-वर करीत बसले," माय म्हणाल्या, आणि दोघी हातात हात घालून ट्रकाकडे गेल्या.

आणि मग माझ्या लक्षात आलं. पाणी संपलं. गाडी वर. आता परत जाताना माय चढणार कशा? एवढी साधी गोष्ट आम्ही तिघेही विसरलो होतो. जगतापने तातडीची सभा घेतली आणि एकमताने ठरलं की दगड भरायचे. दोघे शर्टाच्या बाह्या वर करून बांधावरचे धोंडे डिकीत टाकू लागले. मी पट्टीने जमिनीपासून दाराची उंची मोजत होतो. अजून किती वेळ आहे ते बघून ये, म्हणून त्यांनी मला ट्रकाकडे पिटाळलं.

मी घरांना वळसा घालून गेलो आणि थांबलो. ट्रकाच्या टपावर, रचलेल्या बाजांना पाठ लावून, दोन म्हाताऱ्या पाय खाली सोडून बसल्या होत्या. मध्ये पानाची चंची. एकीच्या मांडीवर काठी आडवी. दोघी कशाला तरी एवढ्या हसत होत्या की एकीने दुसरीचा खांदा धरला होता. मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला तेव्हा मध्ये कुणीतरी ताडपत्री उभी केली होती.

मी धावत परत आलो आणि सांगितलं. जगतापने हातातला धोंडा खाली ठेवला.

"डॉक्टर, ऊन लागलंय तुला. सावलीत बस."

बनसोडेने तर मान वर केली नाही. आम्ही तिघे मिळून गेलो तेव्हा माय लिंबाखाली काठी टेकून उभ्या होत्या, नेहमीसारख्या, आणि टपावर सोनाबाई एकटीच होती. ट्रकाने हॉर्न दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहून हात हलवले, आणि ट्रक धुरळ्यात गेला. माय गाडीपाशी आल्या. दगडांनी ती बरीच खाली बसली होती. त्यांनी दोनदा दम घेतला, पाय उचलला, कसाबसा आत ठेवला, आणि बसल्यावर कण्हत म्हणाल्या, अजून जरासं खाली पायजे व्हतं.

मी तो विषय पुन्हा कुणाकडे काढला नाही. ऊन होतं हे खरंच होतं, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा जगतापच्या आवाजात नेहमीच जास्त खात्री असायची. बरीच वर्षं गेली. माय गेल्या, मी निवृत्त झालो. मग एका लग्नाला शिरूर कासारला जाणं झालं आणि मांडवात सोनाबाई दिसल्या. पार वाकलेल्या, पण कान शाबूत. जेवणं होईपर्यंत मी विचारू की नको करत राहिलो. शेवटी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं.

"चढली व्हती की," सोनाबाई म्हणाल्या. "टपावर बसून दोघींनी पान खाल्लं. तुमी तिकडं धोंडे येचीत व्हता, ते वरनं दिसत व्हतं."

"पण चढल्या कशा?"

सोनाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

"पायानं."